दुहेरी शिलाई

९ मार्च

ताई,

आणि परत तेच. दर पत्रात तुझं एकच रडगाणं, की मी तुझ्या नवऱ्याला अडकवून ठेवलंय. अगं, ते काय बकरू आहेत दाव्याला बांधायला? तूच पाठवलंस ना त्यांना, की जा आणि त्या भिंगरीला कान धरून घेऊन या? मी बोलावलं नव्हतं. ते आले, दोन शर्ट आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन आले. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, दाजी, मी काही घरी येत नाही, तुम्ही उद्याच्या गाडीने परत जा. ते म्हणाले, बरं. आणि गेले नाहीत. आता ह्याला मी काय करू?

खरं सांगू, त्यांना इथे आवडतंय. तू लोकांना सांगत फिरतेस की मी सर्कशीत आहे, म्हणून परत एकदा लिहितो. सर्कस नाही. दोनशे वर्षांपूर्वी ह्या मैदानावर खरोखरची लढाई झाली होती. आमची कंपनी तीच लढाई दर शनिवार-रविवार परत करते. एका बाजूला निळे, एका बाजूला तांबडे. लोक तिकीट काढून दोराच्या पलीकडे बसतात. तोफ खरी आहे, लोखंडी, माझ्या छातीएवढ्या चाकांची. आत गोळा नसतो, नुसती दारू. तोफेची दारू ताई, लगेच डोळे वटारू नकोस. आवाज खरा, धूर खरा, मरण तेवढं खोटं.

दाजी आले त्याच आठवड्यात मालकाने त्यांना एका निळ्या शिपायाचं तुटलेलं बटण लावताना बघितलं आणि तिथेच ठेवून घेतलं. आता सगळी कंपनी त्यांना मास्तर म्हणते. मग एक दिवस माणूस कमी पडला, तर मास्तरांनाच निळा कोट चढवला आणि तोफेच्या चाकापाशी पडून मर म्हणून सांगितलं. ताई, तू बघायला हवं होतंस. बार झाला, तसं ह्यांनी आधी छातीकडे बघितलं, नव्या कापडावर डाग पडल्यावर बघतात ना तसं. मग एक गुडघा. मग दुसरा. मग आडवं होता होता स्वतःची कॉलर सरळ केली! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आता दर खेळाला तिथे तेच पडतात. नियम असा आहे की पडलेल्याने बिगूल वाजेपर्यंत हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी नाही. दाजी श्वाससुद्धा दिसू देत नाहीत. कपडेवाली बाई म्हणते, मास्तरांसारखं मरण नशिबाला हवं.

बरं, आता कामाचं. दारू लोकरीच्या पिशवीत भरून तोफेत सारतात. सुती कापड चालत नाही, ते धुमसत राहतं. पिशव्या दाजीच शिवतात, पण शिवणीतून दारू गळते आणि वाटेवर सांडते, ते वाईट. दाजी म्हणतात, तुझ्या बहिणीला विचार, शिवण तिच्याएवढी मलासुद्धा कळत नाही. तर कळव.

तुझा,
भिंगरी

(खाली दाजींच्या हातची ओळ आहे.)

त्याने लिहिलंय ते बरंचसं खरं आहे. चष्मा ठीक आहे. मोठी कात्री कुणाला देऊ नकोस.

*

२१ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र दुकानात दोनदा वाचलं, एकदा चिडून आणि एकदा हसून. हसू आलं ह्याचा जास्त राग आला. गिऱ्हाइकाकडे शिलाई मागताना ज्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो माणूस हजार लोकांपुढे कॉलर सरळ करून मरतो! इथे मी एकटी कापते, एकटी शिवते, काजं करता करता मान मोडते, आणि माझा नवरा तिकडे दर शनिवारी मरायला जातो. कुणाला सांगायची सोय आहे का?

पण मला दुसरंच विचारायचं आहे. तोफेची दारू अशी कुणीही हाताळायची असते का? आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रॉकेल ठेवायलासुद्धा परवाना लागतो. तिथे परवाना कुणाच्या नावावर आहे? तो माणूस तोफेजवळ उभा असतो की घरी? कुणाला खरोखर लागलं तर ते कळतं कसं, सगळेच जमिनीवर पडलेले असताना? ह्याची उत्तरं दे, बाकीच्या गमती नंतर सांग.

पिशवीचं म्हणशील तर अर्धं बोट कड सोडून एक शिलाई घालायची, मग ती कड उलटून आत दुमडायची आणि वरून दुसरी घालायची. दुहेरी. सिमेंटवाल्याच्या पिशव्या आपण तशाच शिवल्या होत्या, कणभर गळलं नव्हतं. ह्यांना आठवेल. दोरा घट्ट ओढा म्हणावं, आणि टाके जवळ जवळ.

आणि त्यांना एवढंच सांग की निघताना मी काय बोलले होते ते आठवा. टाळ्या आता पुरे झाल्या.

ताई

*

१० एप्रिल

ताई,

तुझी दुहेरी शिलाई एकदम झकास! आता चिमूटभर दारू सांडत नाही. दाजी एकेक पिशवी शिवून झाली की उलटी करून झटकतात आणि माझ्याकडे असे बघतात की जणू तूच समोर उभी आहेस. तुझा निरोप दिला. निघताना काय बोलली ते आठवा म्हणून. ते हसले आणि म्हणाले, आठवतंय, म्हणून तर.  तुमचं नवरा-बायकोचं तुम्हाला माहीत.

परवान्याचं विचारलंस. आमच्याकडे उस्ताद होता, तोफेचा माणूस, परवाना त्याच्या नावावर. भयंकर कडक. बार उडाला की आधी ओला बोळा दांडीला लावून नळी आतून पुसायची, ठिणगी राहिली असेल तर ती विझते. मग कोरडा बोळा. मग शंभर मोजायचे. मगच दुसरी पिशवी. पिशवी गजाने ठासताना दुसऱ्याने तोफेच्या कानावर, म्हणजे जिथे बत्ती लावतात त्या भोकावर, अंगठा दाबून धरायचा, आत वारा शिरू नये म्हणून. त्या अंगठ्यासाठी दाजींनी मला चामड्याची टोपी शिवून दिली आहे, इतकी मापात बसते की काढायचं विसरून मी तिच्यासकट जेवलो. गज मुठीत आवळायचा नाही, आणि तोफेच्या तोंडासमोर कधीच उभं राहायचं नाही, बाजूने हात घालायचा. कुणाला खरं लागलं तर त्याने टोपी वर करायची, ती खूण. बघ, सगळं आहे.

फक्त उस्ताद आता नाही. मालक म्हणाला शंभर मोजेपर्यंत लोक जांभया देतात, तिसरा बार दुसऱ्याच्या पाठोपाठ पाहिजे. उस्ताद म्हणाला, मग तूच उडव. त्याच दिवशी गाठोडं बांधून गेला. त्याचा परवाना ऑफिसात काचेत लावलेला आहे तसाच आहे, मुदत संपलेली नाही. म्हणजे कागदाने सगळं रीतसरच म्हणायचं. बोळा, कान आणि बत्ती आता माझ्याकडे, गज दाजींकडे. माझा पगारही वाढवला. घरी असतो तर अजून तुझी काजं धरून बसलो असतो.

उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. मी लहान नाही.

भिंगरी

मी त्याच्याजवळच असतो. तू जेवत जा वेळेवर. कात्रीला तेल दे.

*

२६ मे

ती. ताईस,

पत्र मिळाले. इकडे सर्व ठीक आहे. काम फार आहे त्यामुळे लिहायला उशीर झाला. दाजींनाही वेळ नाही. ओळ लिहा म्हटलं तर म्हणाले, हात रिकामा नाही. हंगाम संपल्यावर बघू. पैसे पुढच्या महिन्यात पाठवतो.

तुझा भाऊ

*

४ जून

भिंगरी,

तू मला कधीपासून "ती. ताईस" लिहायला लागलास? मी काय तुझी हेडमास्तरीण आहे?

ओळ नाही. पहिल्यांदाच नाही. ज्या माणसाला भांडण झाल्यावरसुद्धा चिठ्ठीवर "दूध घेतलं आहे" लिहिल्याशिवाय राहवत नाही, त्याला एक ओळ लिहायला हात रिकामा नाही?

मी तुमच्या ऑफिसात फोन केला. तुझ्या मालकाचे कान तिथे असतात हे माहीत होतं, तरी केला. एका बाईने उचलला. मी म्हटलं मास्तरांना बोलवा. ती म्हणाली, मास्तर झोपलेत हो, आत्ताच डोळा लागलाय, उठवू का? भर दुपारी. आणि ते "आत्ताच डोळा लागलाय" अशा आवाजात, की मी फोन ठेवून दिला.

ती कपडेवाली का? जिला त्यांचं मरण आवडतं?

मला फिरवाफिरवी नको. हो की नाही एवढंच लिही. दुकानात बायका विचारतात, मास्तर कधी येणार, आणि मी तोंडात टाचण्या धरून ठेवते म्हणजे बोलावं लागत नाही.

ताई

*

१५ जून

ताई,

तू समजतेस तसंच आहे असं समज. ते येणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस, अशी माणसं असतात. तू त्यांचा विचार सोड. दुकान तुझ्या नावावर करून घे. मी पैसे पाठवत जाईन.

तुझा भाऊ

*

२ जुलै

भिंगरी,

पंधरा दिवस तुझा कागद उशाखाली ठेवला. सात जन्मांच्या शिव्या दिल्या त्यांना. त्यांचे कपडे काढले, बोचकं बांधलं, दारात ठेवलं, परत आत आणलं. शेजारणीपुढे त्यांना नको ते बोलले. कधी बोलले नव्हते.

मग काल ते पत्र परत काढलं आणि बघितलं. तुझं अक्षर. एक खाडाखोड नाही, एक ओळ वर-खाली नाही. तुला अक्षरं मी शिकवली, पाटीवर, तुझा हात हातात धरून. तू खरं लिहितोस तेव्हा कावळ्याचे पाय उमटतात. सुंदर अक्षर तू फक्त खोटं लिहिताना काढतोस, शाळेत न गेल्याची चिठ्ठी बाबांच्या नावाने लिहायचास तसं.

मला त्यांच्या हातची एक ओळ हवी आहे. "मी येत नाही" असली तरी चालेल. शिवी असली तरी चालेल. पण त्यांच्या हातची. ती आली नाही तर मी दुकानाला कुलूप लावून निघते.

ताई

*

१९ जुलै

ताई,

निघू नकोस. सांगतो. हे अक्षर तुला वाचायला त्रास होईल.

दाजींच्या उजव्या हाताचा पंजा नाही. मनगटापासून गेला. उजव्या कानाने ऐकू येत नाही. डोळे शाबूत आहेत, चष्म्याला तडासुद्धा गेलेला नाही. बाई वगैरे काही नाही. ती कपडेवाली त्यांना घास भरवते आणि पट्ट्या बदलते, ऑफिसामागच्या खोलीत. तिच्यावर राग धरू नकोस. तिला दोन नातवंडं आहेत.

मे महिन्याचा रविवार होता. पहिला बार झाला, मी नळी पुसली, मोजलं. दुसरा झाला. तिसरा पाठोपाठ पाहिजे असं मालकाने सकाळी परत बजावलं होतं. ओला बोळा बादलीत होता. बादली माझ्या पायाशी होती. मी बोळा घेतला नाही. कानावर अंगठा ठेवला आणि दाजींकडे बघून मान हलवली. त्यांनी बघितलं माझ्याकडे, चष्म्याच्या वरून, तसं बघतात ना ते, की पुसलंस का. मी परत मान हलवली. मग त्यांनी पिशवी सारली आणि गज घातला.

बत्ती मी लावलीच नाही. आत ठिणगी होती, तिनेच पेट घेतला. उस्तादाने शिकवलं तसे ते बाजूला उभे होते म्हणून जीव राहिला.

ते चाकापाशी पडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई, ते दर खेळाला तिथेच पडतात ना. उभे राहून टाळ्या वाजवल्या. मी ओरडत होतो तर पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, हा पोरगा काय रडतो बघ, अगदी खरं वाटतं. निळे, तांबडे, कुणी हललं नाही, कारण पडलेल्याने हलायचं नाही. माझ्याशेजारचा निळा डोळे मिटून पुटपुटत होता, ओरडू नको रे, बिगूल व्हायचाय. खरं लागलं तर टोपी वर करायची खूण होती, मी तुला मोठ्या ऐटीत लिहिली होती. टोपी उजव्या हाताने वर करतात. बिगूल त्याच्या वेळेवर वाजला.

आता मी खोटं का लिहिलं ते. दवाखान्यात मालक कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं की पिशवीची शिवण जाड होती, तो जाड भाग नळीत धुमसत राहिला, आणि पिशव्या मास्तरांनी स्वतः शिवल्या होत्या. सही केली तर तो दवाखाना भरणार आणि वर मोठी रक्कम देणार. दाजींना ते पटलं. ते म्हणाले, खरंच आहे, शिंप्याच्या शिवणीने घात केला. आणि मग माझा शर्ट डाव्या हाताने धरून जवळ ओढला आणि म्हणाले, दुहेरी कुणी सांगितली हे तिला आठवता कामा नये. माझा हात गेला हेच तिला कळू देऊ नकोस. काय वाटेल ते लिही. बाई ठेवली म्हण. रागावर ती दिवस काढेल, पण हे कळलं तर ती शिवायला बसणार नाही कधी.

मी लिहिलं. मला सोपं गेलं, कारण शिवणीचं नाव निघत होतं तोपर्यंत बादलीचं कुणी विचारत नव्हतं.

मागच्या आठवड्यात सरकारी तपासणी आली, दवाखान्याने कळवलं होतं म्हणून. साहेबाने आधी परवाना मागितला, मग परवानेवाला माणूस मागितला. मालक काचेतल्या कागदाकडे बोट दाखवत राहिला. साहेब म्हणाला, हा कागद तोफ पुसायला येतो का? मग कोठीतल्या दोन पिशव्या काढल्या, एक जुनी एकेरी आणि एक दुहेरी, आणि उघड्यावर पत्र्याच्या तुकड्यांवर जाळल्या. दोन्हींच्या राखेत ठिणगी राहिली. दुहेरीची थोडी जास्त वेळ राहिली, ते लपवत नाही. मी विचारलं, मग शिवणीने झालं ना? तो म्हणाला, पिशवी कसलीही असो, ठिणगी राहतेच. म्हणून तर ओला बोळा असतो. त्या दिवशी बोळा कुणी मारला?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, कुणी नाही. माझं काम होतं. मारला नाही.

ते लिहून घेतलं. मैदानाला टाळं लागलं. मालकावर खटला आहे आणि माझ्यावरही, विनापरवाना दारू हाताळली आणि निष्काळजीपणा केला म्हणून. मालकाच्या कागदावर दाजींची सही झाली नव्हती, मी तो फाडला, म्हणजे ती रक्कमही गेली.

दाजींना सांगितलं. त्यांच्या डाव्या कानात सगळं परत सांगावं लागलं. मला वाटलं ते मारतील. बराच वेळ चादरीची शिवण चाचपत राहिले. मग म्हणाले, म्हणजे शिलाई चांगली होती? मी म्हटलं, हो. त्यांनी कागद मागितला. खालची ओळ त्यांची आहे, डाव्या हाताने लिहिली आहे, अख्खी दुपार लागली.

भिंगरी

शिलाई चांगली होती.

*

२८ जुलै

भिंगरी,

ती ओळ मी अजून वाचतेच आहे. "ई" उलटी झाली आहे.

दुहेरी मी सांगितली होती. दोरा घट्ट ओढा हेही मीच लिहिलं होतं. साहेब काहीही म्हणो, ते मला आयुष्यभर दिसणार. पण मी शिवायला बसले. ते म्हणाले ना की ती बसणार नाही, म्हणून बसले. दोन झगे पुरे केले.

आता तुझं. बोळा मारला नाहीस, त्याचं कोर्ट बघेल. मला तुझा राग त्याचा नाही. तू मला त्यांचा तिरस्कार करायला लावलास. ते तिकडे एक हात गमावून पडलेले, आणि मी इकडे त्यांच्या कपड्यांचं बोचकं पायाने दाराबाहेर सारत होते. तू ते होऊ दिलंस. त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं म्हणतोस. त्यांनी माझ्यासाठी सांगितलं. तू स्वतःसाठी लिहिलंस, आणि ते तूच कबूल केलं आहेस.

आणि एक तुला माहीत नाही. तू म्हणायचास ना, त्यांना टाळ्यांचा नाद लागला? ते निघाले त्या सकाळी मी दारात उभी राहून म्हटलं होतं, त्याला घेतल्याशिवाय हा उंबरा ओलांडू नका. असंच म्हटलं, रागात. राग तुझा होता, बोलले त्यांना. माझं बोलणं म्हणजे त्यांना घेतलेलं माप. त्यात ते बोटभर इकडे-तिकडे करत नाहीत. तू येत नव्हतास, म्हणून ते येत नव्हते. मरून दाखवत होते दर शनिवारी, तुझी वाट बघत.

त्यांना पाठव. पायाचं मशीन आहे, डावा हात कापड सारायला पुरतो, कापायचं मी बघते. आधी दुकानात चार हात होते, आता तीन. तिनात भागवू.

तू येऊ नकोस. आज तरी मला तुझं तोंड बघवणार नाही. पुढचं मला माहीत नाही.

ताई

*

६ ऑगस्ट

ताई,

मी येऊच शकत नाही, तेव्हा त्याची काळजी नको. दर सोमवारी चौकीत सही करायची असते आणि शहर सोडायचं नाही. भिंगरीला खिळा मारला म्हण. लाकडाच्या वखारीत काम धरलंय, फळ्या उतरवायचं. तिथे विडी ओढू देत नाहीत आणि मला ते बरं वाटतं.

तू लिहिलेलं मी दाजींना वाचून दाखवलं, सगळं नाही. उंबऱ्याचं विचारलं. म्हणाले, मग? तिने सांगितलंच होतं तसं. मी म्हटलं, दाजी, आठ महिने तुम्ही एकदा तरी बोलायचं होतं की बाबा रे, तुझ्यामुळे अडकलोय. म्हणाले, बोललो असतो तर तू चिडून आणखी लांब गेला असतास. मग कुठे शोधत फिरलो असतो?

मी तेव्हा बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

आता अडचण अशी आहे की ते निघायला तयार नाहीत. चौकीचं सांगितलं, खटल्याचं सांगितलं. म्हणतात, संपेल की खटला, मी थांबतो, बरोबर जाऊ. तू त्यांना ओळखतेस. म्हणून मी त्यांना खोटं सांगितलंय, शेवटचं. की चौकीतून आठ दिवसांची सुट्टी मिळाली, शनिवारच्या बसने दोघं जातोय. तिकिटं दोन काढली, कारण ते तिकिटं बघायला मागतात. कपडेवालीने त्यांची दाढी करून दिली. काल म्हणाले, केस कापून घे तुझेसुद्धा, ताई ओरडेल. मी कापले.

बसमध्ये त्यांना खिडकीशी बसवीन, चांगला कान आतल्या बाजूला येईल असं. मी शेजारी बसेन. कंडक्टर शिट्टी मारायच्या आधी म्हणेन, दाजी, पाण्याची बाटली राहिली, आणतो. आणि उतरेन. पुढच्या सीटवरच्या माणसाला सांगून ठेवेन की थांब्यावर त्यांना उतरव आणि चहाचा कप डाव्या बाजूला दे. ते खिडकीतून बघत राहतील. मी खांबामागे उभा असेन. तेवढं मला करावं लागेल, ताई, ते मी करतो.

हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून आजच टाकतोय. एक काम तुझ्याकडे आहे. ते दारात आले की थांबतील. मी बरोबर नाही म्हणून ते आत येणार नाहीत, बाहेर पायरीवर उभे राहतील, बोचकं हातात धरून. तू रडत बसू नकोस. आधी मोठ्याने, डाव्या कानाशी, म्हण की भिंगरीला मीच येऊ नको म्हटलं. म्हण की ते जुनं माप मी रद्द केलं. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडायचं नाही. मग त्यांच्या हातात मोठी कात्री दे, डाव्या हातात. कापायला नको, नुसती धरू दे.

त्यांच्या कोटाच्या आतल्या बाजूला एक खिसा आहे, तो मी शिवला आहे. दाजींनी बाजूला बसून शिकवलं आणि दर टाक्याला च् च् केलं. वाकडा आहे, एकेरी आहे, पण धरून ठेवतो. त्यात दाजींचा मे महिन्यापर्यंतचा राहिलेला पगार, तो कपडेवालीने मालकाशी भांडून आणला, आणि माझे वखारीचे, दोन्ही एकत्र बांधलेत. उसवताना कोटाचं अस्तर कापू नकोस. पाच हजार आठशे साठ आहेत.